सात वारुळांचा पत्ता

वनहक्काच्या अर्जासोबत एक तक्ता जोडावा लागायचा. कोणतं वनोपज, कुठून, किती वर्षांपासून. तो भरायला मी संघटनेच्या वतीनं झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर गेले. पोड म्हणजे जंगलाला लागून असलेली वस्ती, मोजकी घरं. वनरक्षक सगळीकडं सांगत फिरत होता की हे लोक जंगलात जातात ते फक्त लाकडं तोडायला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या उतारावर माणसं पोट भरत आली, तिथं पोट भरल्याचा पुरावा त्यांनीच आणून द्यायचा! त्या तक्त्याचा मला राग होता, आजही आहे. पण तो कोरा ठेवला तर दावाच उभा राहत नव्हता, आणि दावा फेटाळला गेला तर तो उतार पोडाच्या हातून गेला असता.

पावसाळ्यात तिथं टेकोडे निघतात, वारुळावर उगवणारी पांढरी अळंबी. पोडातली एक मावशी ते शोधण्यात सगळ्यांच्या पुढं. घरात एकटी, शेत नाही. आषाढ-श्रावणात तिच्या चुलीवर टेकोडेच शिजायचे आणि उरलेले ती बाजारात न्यायची. मी तिला विचारलं, "मावशी, कुठं भेटले?"

"जंगलात."

"जंगलात कुठं?"

"जमिनीवर."

बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, "खा नं चूपचाप! पत्ता कायले मांगतं वं? सोयरीक करतं काय टेकोड्याशी?"

मला वाटलं, ही साहेबलोकांची दहशत आहे. मी आर्णीकडच्या बंजारा तांड्यावरची. आमचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलूख फिरले. वाट माहीत असणं आणि विचारणाऱ्याला सांगणं, यावरच ते जगले. माझी याडी, म्हणजे आई, अजूनही अनोळखी माणसाला फाट्यापर्यंत सोडून येते. ठिकाण विचारल्यावर गप्प बसणं मला अडाणीपणाचं वाटलं. अडाणी मीच होते, आणि भोगलं मावशीनं.

मी आठ दिवस तिच्या मागं लागले. तक्ता दाखवला, कायदा समजावला. शेवटी एका सकाळी, दोन दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं तेव्हा, ती म्हणाली, "चाल. पण पायाखाली पाह्यजो."

नाल्याच्या वरच्या अंगाला, सागाच्या विरळ रानात, उतारावर सात वारुळं होती. मावशी वाकली, देठाच्या बुडाशी दोन बोटं घातली आणि हलकेच पिळून टेकोडा उपटला. पार उमललेले तिनं तसेच ठेवले. जिथं उपटलं तिथं मातीची चिमूट दाबली. काठीचं टोकसुद्धा वारुळाला लागू दिलं नाही.

"काहून वं मावशी, खोदत नाही?"

"खाली उधईचं घर हाये. थे पाला आनते, काड्या आनते, खाली रचून ठेवते. त्यातूनच हे निंगते. घर फोडलं तं कायचं निंगन?"

पुस्तकात मी हेच वाचलं होतं. कामकरी उधई, म्हणजे वाळवी, मातीच्या भुयारांतून फिरते, वाळलेला पाला आणि कुजकं लाकूड आणते, त्याचा लगदा रचून त्यावर बुरशी वाढवते. एकीनं आणलेलं सगळ्यांच्या तोंडी जातं. परत आल्यावर मावशीनंही पहिली ओंजळ एका बाळंतिणीच्या घरी दिली, मग आपली टोपली उतरवली. मी भारावून गेले. म्हटलं, "मावशी, पत्रकात लिहिते, उधईसारखे एक व्हा!"

"उधई पत्रक वाटते काय वं? उधई तं पत्रक खाते."

मी हसले आणि पत्रक काढलंच. त्यावर फोटो, नकाशा, नाल्याचं नाव, वारुळांची जागा. मोठ्या अक्षरात मथळा: हा घ्या आमचा पुरावा! एक प्रत दाव्याला जोडली, बाकीच्या आठवडी बाजारात वाटल्या. मावशीला विचारलं नाही. तिनं मला जागा दाखवली, म्हणजे सगळ्यांना दाखवायची परवानगी दिली, असं मी धरून चालले. जे एकीला सांगितलं ते मी बाजाराला सांगितलं.

श्रावणात दुसऱ्यांदा टेकोडे निघायच्या सुमारास मोटरसायकलींवरून माणसं आली. तालुक्याच्या गावची, टेकोड्यांवर जीव टाकणारी. त्यांच्याजवळ कुदळी होत्या. देठ जितका लांब, तितका खाली माल जास्त, असा त्यांचा हिशोब. मी आणि मावशी पोचलो तेव्हा सातही वारुळं फुटलेली होती. आतले पिवळट, स्पंजासारखे गोळे उन्हात पडले होते आणि त्यांवर पांढरी उधई सैरावैरा पळत होती. मुंग्यांच्या रांगा तिला उचलून नेत होत्या.

मावशीनं एक गोळा उचलून खड्ड्यात ठेवला. मग दुसरा. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "राहू दे. तुले नाही जमत."

पोडावर मला कोणी शिव्या दिल्या नाहीत.

हिवाळ्यात पडताळणीला साहेब आले. सोबत वनरक्षक, त्याच्या हातात माझं पत्रक. खड्डे पाहून साहेब म्हणाले, "हे बघा, तुमचेच लोक जंगल नासवतात. यांना हक्क द्यायचा?"

मी तावातावानं बोलायला लागले, की बाहेरच्यांनी खोदलं, यांनी नाही. वनरक्षकानं पत्रक पुढं केलं. "ताई, बाहेरच्यांना रस्ता कोणी दाखवला?"

साहेब मावशीकडं वळले. "बाई, दुसरी वारुळं असतील ना? ती दाखवा. तसं नोंदवतो."

"हायेत."

"कुठं?"

"दाखवत नाही, साहेब."

"मग मी काय लिहू?"

"तुम्हाले जे दिसलं, थे लिवा. मले जे दिसते, थे माह्याजवळ राहू द्या."

त्या उताराचा दावा परत आला. शेरा होता: वापराचा पुरावा आढळला नाही. बाकीच्या जंगलाचा निकाल अजून लागायचा आहे. खाणाऱ्यांनी ठिकाण लपवलं तर पुरावा नाही, आणि सांगितलं तर ठिकाणच राहत नाही, हा कसला कायदेशीर न्याय? हे मी ओरडून सांगते, सांगत राहीन. पण तेवढंच सांगितलं तर मी खोटी ठरते.

म्हणून फेरअर्जाचं पहिलं वाक्य मी असं लिहिलं: सात वारुळं माझ्या पत्रकामुळं फुटली, पोडातल्या कोणीही ती खोदली नाहीत. आमच्या संघटनेतला एक सहकारी म्हणाला, "येडी आहेस का? स्वतःच्या हातानं केस कमजोर करून राह्यली." मी वाक्य ठेवलं. मावशीला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, अर्जावर अंगठा उमटवला आणि बोटाची शाई लुगड्याला पुसत म्हणाली, "असं तुनं पत्रकबी वाटाच्या आंधी वाचून दाखवाले पाह्यजे होतं."

यंदा आषाढात झड उघडली त्या सकाळी ती टोपली घेऊन निघाली. मी पोडावरच होते, समाजमंदिराच्या ओट्यावर कागद पसरून. तिनं मला पाहिलं, हाक मारली नाही. ती कोणत्या बाजूला वळते ते दिसू नये म्हणून मी मान खाली घातली आणि लिहीत राहिले.