पाण्याचा दिवस आणि टाकीतले जंतू

आमच्या कॉलनीत ड्रेनेजची लाइन येणार, असं प्लॉट घेताना दलाल म्हणाला होता. पुढे निवडणुकीच्या प्रत्येक उमेदवारानं दारात येऊन तेच सांगितलं. लाइन बायपासच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही, आणि आम्ही पलीकडे. त्यामुळे ज्याची त्याची सेप्टिक टाकी ज्याच्या त्याच्या अंगणात.

आमची तुंबली ती नेमकी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर. टाकी तुंबली की पहिला फटका खालच्या खोलीतल्या संडासाला बसतो. वरचा, आमचा, चालू राहतो. खालचा आईचा. जिना चढायला तिला मनाई, म्हणून कमोड मुद्दाम तिथं बसवलेला. पाणी टाकलं की ते काठापर्यंत चढून थांबायचं आणि मग उपकार केल्यासारखं हळूहळू उतरायचं.

आईनं त्यावर स्वतःचा उपाय काढला. तिनं पाणी पिणंच कमी केलं. तिला साखर आहे, डॉक्टरांनी किडनीसाठी भरपूर पाणी प्यायला बजावलेलं. ही अर्धा पेला उशाशी ठेवून सकाळची संध्याकाळ करायची. "तहानच नाय लागत मला," म्हणायची. ओठांना सालं निघालेली दिसत होती.

लासूर स्टेशनला राहणाऱ्या धाकट्या भावाला हे कळलं. त्याचा फोन आला, "दादा, आईला इकडं आण. इथं मोकळी हवा हाय." मोकळी हवा आहे, मान्य. पण त्याचा संडास अंगण ओलांडून, पायऱ्या चढून, आणि उकिडवं बसायचा. नव्या गुडघ्यानं तिथं बसणार कसं, ते तो सांगत नव्हता. शिवाय आईचं सगळं इथं होतं, विहार इथं, पौर्णिमेला तिला हात धरून घेऊन जाणाऱ्या बायका इथं. "मी कुठं नाय जात," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. भावानं महिनाभराची मुदत दिली. मग तो गाडी घेऊन येणार होता.

बायको म्हणाली, "टँकर बोलवा, उपसून टाका." मी म्हणालो, गेल्याच वर्षी उपसली. टाकीचं माप आणि घरातली माणसं बघता ती अजून दोन वर्षं तरी चालायला हवी. शेजाऱ्यांची एवढीच टाकी, घरात माणसं आमच्यापेक्षा जास्त, आणि त्यांची व्यवस्थित चालते. मग आमचीच का भरते? कारण न शोधता उपसायची, ती पुन्हा भरणार. यावर बायको म्हणाली, "तुम्ही कारण शोधा, तोवर आई तहानेनं वाळतील."

मी शेंद्र्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. आमच्या कारखान्याचं सांडपाणी जंतूच साफ करतात. मोठ्या टाकीत ते पाळलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत कारखाना बंद असला, सांडपाणी आलं नाही, तर तिथला ऑपरेटर त्यांना गुळाचं पाणी पाजून जगवतो. गुळाच्या ढेपांच्या मागणीवर सही माझी असते, म्हणून मला ठाऊक. घरच्या टाकीतही हेच काम जंतू करतात. ते मेले की मैला तसाच साचत जातो. मी जंतूंची पावडर आणली. कोंड्यासारखी दिसते. कोमट पाण्यात भिजवायची, थोड्या वेळानं कमोडमध्ये ओतायची आणि वर भरपूर पाणी सोडायचं, असं पुडीवर लिहिलेलं.

भरपूर पाणी! आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही महापालिकेची मर्जी असली तर. बाकीचे दिवस आम्ही ड्रमातलं पाणी तांब्यानं मोजून वापरतो. म्हणून मी पावडरीसाठी पाण्याचाच दिवस ठरवला. सकाळी ओतायची, वर दोन बादल्या सोडायच्या आणि कंपनीची बस पकडायची. एका बांबूवर इंचांच्या खुणा करून ठेवल्या. टाकीचं झाकण उचलून पाणी झाकणापासून किती खाली आहे, ते रोज बघायचो. चार इंच होतं. पाच झालं. मला बरं वाटलं. पाण्याचा दिवस गेला की परत चार. पुढच्या खेपेला मी दुप्पट पावडर टाकली. तरीही चार.

पावडरवाल्याला फोन केला.

"साहेब, संडासात ॲसिड, फिनाइल, ब्लीच काही टाकता का?"

"नाही."

"नक्की?"

"मी त्याच घरात राहतो," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

पुढच्या पाण्याच्या दिवशी शेंद्र्याला लाइट गेली म्हणून कंपनीनं दुपारीच सोडलं. घरी आलो तर पाण्याच्या दिवशी असतो तसा गोंधळ. मोटर चालू, गॅलरीत चादरी, जिन्यावरून पाणी वाहतंय. आठवड्याची सगळी स्वच्छता आम्ही त्या एका दिवसात उरकतो. आईच्या खोलीत गेलो. ती संडासात प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती, वॉकर भिंतीला टेकवलेला, आणि बाटली उलटी करून कमोडमध्ये काहीतरी ओतत होती. वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, हे काय?"

"काय म्हंजे? संडास धुते."

"ॲसिडनं?"

"मग काय गुलाबपाण्यानं धुऊ?"

"कुणी आणून दिलं?"

"गाडीवाला येतो की फिनाइल-ॲसिड घेऊन. खिडकीतून घेते. तू ती पावडर टाकतो ना, तिचा लई घाण वास येतो. तू गेला की मी धुऊन काढते. तुला वाईट वाटंल म्हणून बोलले नाय."

"दर वेळी?"

"व्हय. मागच्या बारीला तू दोन पुड्या टाकल्या, मग मी पण बाटली पुरी वतली."

मी खाली बसलो, ओल्या फरशीवरच. सकाळी मी जंतू सोडायचो, दुपारी आई ते मारायची, आणि दोघंही एकाच पाण्यानं. मी तिला समजावायला लागलो. टाकीत जंतू हवेत, ते मैला खातात, ॲसिडनं ते मरतात.

"जंतू पाळायचे? घरात?"

"आई, तू रोज टोचून घेतेस ते इन्सुलिनसुद्धा जंतूंकडूनच बनवून घेतात."

"म्हणून तर टोचायच्या आधी स्पिरिट लावते मी!"

जिन्यात बायको मोठ्यानं हसली. मी तिच्याकडे वळलो. "आणि तू? मशीनमध्ये ब्लीच टाकत नाहीस ना?" आमचं घर बांधणाऱ्यानं मशीनचं पाणीही त्याच टाकीत सोडलंय.

"टाकते. पांढरे शर्ट कुणाचे असतात?"

मी अंगातल्या पांढऱ्या शर्टाकडे बघितलं.

शेवटी टँकर बोलवावाच लागला. बायको "मी म्हणत होते" एवढंच म्हणाली, पण दिवसभर म्हणाली. कंपनीतल्या ऑपरेटरनं सांगितल्याप्रमाणे तळाचा थोडा गाळ राहू दिला, कारण जुने जंतू त्यात असतात. टँकरवाल्याला ते पटेना. "पूरा साफ करता हूँ ना साहब," म्हणून तो पाइप खाली खुपसायचा, मी वर ओढायचो. ॲसिड बंद, ब्लीच बंद, माझे शर्ट पिवळट. धुण्याच्या पाण्यात जंतू वाहून जाऊ नयेत म्हणून पावडर आता मी दोन पाण्याच्या दिवसांच्या मधे टाकतो, त्यासाठी एक ड्रम वेगळा भरून ठेवलाय.

टाकी पुन्हा भरत आली, पण बांबूवर पाणी बारा इंच खाली दिसलं आणि ते तिथंच टिकलं. आई रोज सकाळी खिडकीतून विचारायची, "किती हाय?" बारा म्हटलं की मान हलवायची. अर्धा पेला मात्र अर्धाच राहिला. "आज बारा हाय, उद्याचं कुणी सांगितलं?"

पुढच्या पाण्याच्या दिवशी घरभर धुणीभांडी झाली, ड्रम भरले, मोटर बंद झाली. मी मोजलं. बारा. तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली. भाऊ आला होता. मागच्या सीटवर आईसाठी गादी टाकलेली. खाली उतरला तो हातात पाच लिटरचा पांढरा कॅन घेऊन.

"हे काय आणलंस?" आईनं दारातूनच विचारलं.

"फिनाइल. हार्ड हाय. तुमच्याकडं वास येतो म्हणली ना तू फोनवर?"

"गाडीत ठेव ते. घरात आणू नको. आमच्या टाकीत जंतू हायेत."

"आई, म्हणूनच तर आणलं!"

"दादाला विचार," आई म्हणाली. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी सुरुवात केली, गुळाच्या ढेपेपासून. इन्सुलिनपर्यंत आलो तेव्हा भाऊ माझ्याकडे डॉक्टरला दाखवावं लागेल अशा नजरेनं बघत होता.

आईनं माझ्या हातातला ओला बांबू बघितला, खूण बघितली. मग सुनेकडून तांब्या मागून घेतला. एक पेला भरून प्यायली, पुन्हा भरला, तोही प्यायली आणि वॉकर घेऊन आत गेली. आम्ही अंगणात उभे होतो. थोड्या वेळानं आतून बादली ओतल्याचा आवाज आला आणि पाणी न थांबता गडगडत खाली गेलं.

"ऐकलंस?" मी भावाला म्हणालो.

"काय?" तो म्हणाला. कॅन अजून हातातच होता.