आनंदीकाकूंचे तीन बटाटे

आमच्या शेजारच्या आनंदीकाकू मूळच्या सांगलीच्या. काकांची विमा कंपनीत बदली झाली म्हणून १९८३ साली जयपूरला आल्या आणि खारातल्या कैऱ्यांच्या जोरावर इथल्या मराठी मंडळावर राज्य करू लागल्या. खार जमला का, हे त्या कच्चा बटाटा टाकून बघत. बुडला तर मीठ वाढवायचं, तरंगला की कैऱ्या घालायच्या. त्यांचं मीठ चुकलं असं म्हणायची कुणाची टाप नव्हती, आणि चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

भंवरलाल सांभरच्या खाऱ्या तलावावरून खडेमीठ आणून दारोदार विकायचा. एका उन्हाळ्यात त्याच्या पोत्यात गुलाबी खडे निघाले. रंग मिसळतोस म्हणून काकूंनी त्याला भर गल्लीत झापलं. तलाव आटला की पाणीच गुलाबी होतं, असं तो परोपरीने सांगत होता, पण ऐकतंय कोण? मंडळाच्या बावीसही घरांनी त्याचं मीठ बंद केलं. मला वाईट वाटलं, पण काकूंपुढे मीही शेपूट घातली.

तो येईनासा झाला, तशी काकूंना रुखरुख लागली. एका रविवारी मला घेऊन त्या सांभरच्या बसमध्ये बसल्या. पिशवीत तीन बटाटे होते. भंवरलाल घुश्शात होता, तरी त्याने मिठाचे वाफे दाखवले. पहिल्यातलं पाणी हिरवट, बटाटा बुडाला. दुसऱ्यातलं आटून गुलाबी झालेलं, बटाटा तरंगला. तिसऱ्यात पाणी वीतभर आणि लालभडक. बटाटा चक्क डोकं वर काढून बसला.

तेव्हा कुठे माझी बीएस्सी जागी झाली. पाणी आटतं तसा खार वाढतो, पाण्यातले बाकीचे सूक्ष्म जीव मरतात, खार सोसणारेच उरतात, आणि ते असतात लाल. हे मी गल्लीतच बोलायला हवं होतं. माझी मलाच लाज वाटली.

काकूंनी वाकून तो तिसरा बटाटा उचलला. मग म्हणाल्या, "भैया, गलती मेरी थी."

परतल्यावर बावीस घरी त्या स्वतः जाऊन हेच सांगून आल्या. पुढच्या रविवारी भंवरलाल पोतं घेऊन आला. काकूंनी सगळ्यांदेखत त्याला बशीत कैरी दिली. त्याने ती सावकाश चावली.

"भाभीजी, नमक थोड़ा कम है."

काकूंनी आत जाऊन बरणी आणली आणि झाकण काढून त्याच्यापुढे धरली. त्याने पोत्यातून एक गुलाबी खडा निवडून आत टाकला.