काटा थांबेपर्यंत

शेवटच्या संध्याकाळी ताई माझ्यावर रागावल्या, त्याही एका चिकूवरून. मी चिकू मधोमध कापला, अर्धा त्यांना दिला, अर्धा मी घेतला. त्यांनी दोन्ही फोडींकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "शालिनी, तुझी फोड मोठी आहे." मी म्हटलं, "ताई, नव्वदी आली. आता तरी डोळ्यांनी वजन करणं सोडा." "डोळे गेलेत, अंदाज गेलेला नाही," असं म्हणून त्यांनी माझी फोड उचलून खाल्ली. सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर त्या झोपेतच गेल्या होत्या… चेहऱ्यावर, खरं सांगते, चिकू जिंकल्याचं समाधान होतं.

ईरा, नील, ताईआजी म्हणजे तुमच्या आजोबांची मोठी बहीण, एवढं तुम्हाला माहीत आहे. पण त्या नक्की काय करायच्या, हे तुम्ही तिकडून विचारलंत तेव्हा मला फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून क्रमाने लिहिते. वर्तमानपत्राच्या पुरवणीत हे छापून आलं आणि तिथल्या वाचकांनी वाचलं तरी हरकत नाही. या भागातल्या कित्येकांनी शाळेत ताईंच्या हातचा तराजू वापरलाय आणि त्यांना ते ठाऊकही नसेल.

डहाणूला आपल्या घरामागे, वाडीच्या कडेला, कौलांची जी लांब पडवी आहे तिला सगळे कारखाना म्हणतात. स्वातंत्र्यानंतर जागोजाग शाळा निघाल्या, आणि प्रयोगशाळेतले विलायती तराजू आधी परवडेनासे आणि मग मिळेनासे झाले. माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, सायन्सचे शिक्षक. त्यांनी शाळेतला एक मोडका तराजू घरी आणून सुटा केला, पुन्हा जोडला, आणि काही महिन्यांत नोकरी सोडून स्वतःच तराजू बनवायला लागले. सागाची पेटी, तिला काचेची दारं. आत पितळेची आडवी दांडी, ती अकीक नावाच्या कठीण दगडाच्या धारेवर तोललेली, दोन टोकांना दोन पारडी आणि मधोमध खाली उतरलेला लांब काटा. कागदाच्या कपट्यानेही हलेल इतका नाजूक. छगनभाई मिस्त्री पेट्या करत, मामंजी पितळेचं काम बघत, आणि बी.एस्सी. होऊन मुंबईहून परतलेल्या ताई शेवटचं काम करत. रिकामी पारडी असताना काटा बरोबर मध्यावर थांबला पाहिजे. तो तसा थांबेपर्यंत दांडीच्या टोकाचा बारीक स्क्रू त्या फिरवत बसायच्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिलं आश्चर्य हेच वाटलं. घरात ताईंच्या तोंडाला क्षणाची उसंत नसे. पण त्या तपासणीच्या खोलीत गेल्या, खिडक्या लावल्या, की एकदम गप्प. काटा हलत असताना तिथे कुणी बोलायचं नाही, पंखा नाही, लांबून मालगाडी आली तर ती जाईपर्यंत नुसतं उभं राहायचं. काटा थांबला की ताई म्हणायच्या, "हं, बोला आता." आणि सगळ्यांत आधी स्वतःच बोलायला लागायच्या.

तलासरीच्या शाळेची मागणी आली ती आमच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. तिथलं काम नावाजलं गेलं, तर आजूबाजूच्या शाळाही आमच्याकडूनच घेणार होत्या. तराजू तयार झाले आणि दसऱ्यानंतर बसवर चढवले. काही दिवसांनी एसटीचा कंडक्टर दारात उभा. "मास्तरांचा निरोप आहे, तुमचे तराजू खोटे आहेत, येऊन घेऊन जा," एवढं म्हणून तो पुढे घाईने म्हणाला, "मी नुसता निरोप आणलाय हां, माझ्याकडे असं बघू नका."

मामंजींनी सगळं ऐकलं आणि शांतपणे सांगितलं, "पमा, तराजू परत आले तर मी कारखान्याला कुलूप लावणार. तू मुंबईला मामाकडे जा. बँकेत लागशील." प्रमिला हे ताईंचं नाव. त्यांना बँक नको होती, मुंबई नको होती, त्यांना ती बंद खिडक्यांची खोली हवी होती. त्या जेवताना एक अक्षर बोलल्या नाहीत. सासूबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन निघाल्या. निघताना छगनभाई म्हणाले, "बेन, पेटी मारी छे. ती खोटं बोलत नाय, हां. आतलं तुमचं तुम्ही बघा." कासा-चारोटीवरून बस तलासरीला पोचेपर्यंत ताई खिडकीबाहेर बघत होत्या. शाळेतले सायन्सचे मास्तर तरुण होते आणि चांगलेच चिडलेले. "बघा," म्हणाले, "मुलांसमोर उघडले. आधी स्वतः कापसाने स्वच्छ पुसले. एकाचाही काटा मध्यावर नाही."

ताईंनी एकेक तराजू पाहिला. प्रत्येकाचं उजवं पारडं किंचित खाली. "सगळे एकाच बाजूला?" त्या म्हणाल्या. "माझं चुकलं असतं तर एखादा तरी डावीकडे गेला असता." मास्तर म्हणाले, "बाई, चुका काय बाजू बघून होतात?" "माझ्या होतात, मास्तर. वेगवेगळ्या होतात." मग त्यांनी विचारलं, एखादा न उघडलेला आहे का. कोपऱ्यात एक होता. तो टेबलावर ठेवला, दांडी मोकळी केली. सवयीने आम्ही दोघी गप्प झालो, आणि का कोण जाणे, मास्तरही. काटा हलला, हलला… आणि बरोबर मध्यावर थांबला.

ताई काचेजवळ वाकल्या. दांडीच्या डाव्या टोकावर लाल ठिपका होता.

मला खंडेनवमीची सकाळ आठवली. हत्यारांची पूजा म्हणून सासूबाई हळदकुंकू घेऊन तपासणीच्या खोलीत आल्या होत्या. प्रत्येक पेटीचं डावं दार उघडून हाताला येईल त्या टोकावर त्यांनी ओलं कुंकू लावलं. ताईंनी पाहिलं, मी पाहिलं. पण काटा हलत होता, मग बोलणार कोण? त्या गेल्यावर ताईंनी नेहमीसारखे स्क्रू फिरवून काटे मध्यावर आणले. कुंकवाला वजन असतं हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही, आणि आम्ही दोघीही शिकलेल्या.

ताई वळल्या. "मास्तर, घरातून जरा कुंकू मिळेल?" शेजारच्या खोलीतून मास्तरांची बायको करंडा घेऊन आली आणि दारातच थांबून बघत राहिली. ताईंनी बोट ओलं केलं आणि पुसलेल्या दांडीच्या डाव्या टोकाला कुंकू लावलं. काटा डुलत डुलत मध्याकडे आला. "म्हणजे मी काल पूजा पुसली," मास्तर म्हणाले. "पुसली ते बरोबर केलंत. आम्ही लावली ते चुकलं," ताई म्हणाल्या, आणि मग ज्या हसत सुटल्या त्या काही थांबेनात. मास्तर हसले, त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसली. संध्याकाळच्या बसपर्यंत ताईंनी दांड्या पुसून सगळे काटे नव्याने मध्यावर आणले. पुढे मास्तर दर वर्षी नव्या वर्गाला पहिला प्रयोग कुंकवाचाच दाखवत. वर्गातल्या मुली म्हणे आपल्या कपाळाला हात लावून बघत.

घरी आल्यावर ताईंनी एका दमात सगळं सांगितलं. मामंजींनी चष्मा काढून पुसला. "अहो," ते सासूबाईंना म्हणाले, "तुमच्या कुंकवाने कारखाना बुडत होता." सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "देवाचं कुंकू कधी हलकं असतं होय?"

कुलूप लागलं नाही. तलासरीमागून आणखी शाळांच्या मागण्या आल्या. पण पूजेशिवाय तराजू घराबाहेर जाणार नाही हे सासूबाईंचं म्हणणं कायम होतं, आणि दांडीला बोट लागणार नाही हे ताईंचं. शेवटी कुंकू पेटीच्या तळाला लावायचं ठरलं. "देवाला खालूनही दिसतं," असा निकाल सासूबाईंनीच दिला. पुढे विजेवरचे तराजू आले, आकडे दाखवणारे. कारखान्यातलं काम कमी होत होत थांबलं. ताईंना त्याचं फार दुःख झालेलं मी पाहिलं नाही. शाळांमधले जुने तराजू दुरुस्तीला येत, ते त्या आपुलकीने बरे करून परत पाठवत. आलेला तराजू आधी उलटा करून तळ बघत, आणि लाल डाग दिसला की म्हणत, "आपलाच आहे हा. ये बाबा."

यंदा आपल्या घरी सण नाहीत. पण खंडेनवमीला मी सकाळी तपासणीची खोली उघडली. हा सण नव्हे, काम आहे, असं ताई म्हणाल्या असत्या. टेबलावर त्यांचा शेवटचा तराजू होता. मी धूळ पुसली, पेटी कलती करून तळाला कुंकू लावलं, खिडक्या लावल्या आणि दांडी मोकळी केली. तेवढ्यात, ईरा, तुझा फोन आला. आजोबांनी तो तसाच माझ्यासमोर धरला. तू म्हणत होतीस, "आजी, दिसतेयस मला. बोलत का नाहीस? आवाज येतोय ना?" आजोबांनी पडद्यात डोकावून तोंडावर बोट ठेवलं आणि फोन तराजूकडे केला, तर तूही गप्प झालीस. इतक्या लांबून, एवढ्याशा पडद्यात, डोळे मोठे करून तू काट्याकडे बघत राहिलीस…

काटा थांबला. बरोबर मध्यावर.

"हं," मी म्हटलं, "बोला आता."