आक्काच्या तुरीचं बी

माझी थोरली बहीण आक्का, नेकनूरजवळच्या आमच्याच गावात दिलेली. तिचं रान आणि माझं रान बांधाला बांध. वीसेक वर्षं ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची. निघायच्या आधी तुरीच्या निरोगी झाडांना चिंध्या बांधायची आणि मला बजावायची, "एवढी झाडं येगळी काढ. ह्यांचं बी धरायचं हाय."

मी ती वेगळी काढायचो, पण माझ्या रानात दुकानातलं सुधारित बियाणंच पेरायचो. आक्काच्या तुरीला एकरी उतारा कमी.

पाच सालांमागं माझ्या तुरीवर मर रोग पडला. फुलात आलेली झाडं जागच्या जागी वाळली. बांधापलीकडं आक्काची तूर मात्र हिरवीगार होती.

माझी मुलगी कृषी विद्यापीठात पिकांच्या जनुकांवर काम करते. दिवाळीला ती घरी आली, दोन्ही रानं फिरली आणि सरळ आक्काच्या ओसरीवर जाऊन बसली. मीही मागोमाग गेलो.

"आत्या, मला तुझं मूठभर बी पाहिजे."

"कावून?"

मुलीनं समजावून सांगितलं. आक्काच्या तुरीत रोगाला अडवणारं काहीतरी आहे. ते शोधायचं आणि जास्त पिकणाऱ्या तुरीच्या जनुकात तेवढाच बारीक बदल करायचा. दुसऱ्या जिवाचं त्यात काही घालायचं नाही.

आक्का शेंगा सोलत होती. "कापसाच्या टायमालाबी लई गोड सांगितलं होतं. आता सरकी घरची ऱ्हायली न्हाई, दरसाल दुकानातनं पुडी आणावी लागती. उद्या माझ्या तुरीचं तसंच झालं तर?"

मला वाटलं, पोरगी आता काहीतरी भरवसा देईल. पण ती म्हणाली, "ते मला माहीत नाही, आत्या. बी कुणी विकायचं, कसं विकायचं, ते दुसरेच ठरवतात."

आक्कानं बी दिलं नाही. पोरगी रिकाम्या हातानं परत गेली. मी आक्कावर चिडलो. "माझी तूर जळाली आणि तुला मूठभर बी जड झालं?"

"पोरगी खरं बोलली," आक्का म्हणाली. "म्हणून तर इचार करायलीय. खोटं बोलली असती तर तवाच हाकलली असती."

संक्रांतीला मुलगी पुन्हा आली, ती एक अर्ज घेऊन. शेतकऱ्यानं जपलेल्या वाणाची सरकारदरबारी नोंद करता येते. एकदा नोंद झाली की ते वाण कुणाला परस्पर आपलं म्हणता येत नाही. आम्ही तिघं अर्ज भरायला बसलो. वाण कुणी जपलं, या रकान्यात मुलगी आक्काचं नाव लिहायला लागली, तसा आक्कानं तिचा हात धरला.

"माझ्या आधी आईचं लिव्ह. सासरी निघाले तवा तिनं पदरात बांधून दिलं होतं."

हे मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं मी आमच्या आईचंच बी वेगळं काढत होतो, आणि पेरत होतो दुसरं.

त्या दिवशी आक्कानं फडक्यात बी बांधून दिलं.

यंदा मुलीनं आम्हाला विद्यापीठात नेलं. जाळीच्या घरात कुंड्या होत्या, त्यांत मुद्दाम रोगट माती भरलेली. दुकानातल्या वाणाची रोपं माना टाकून पडली होती, बदल केलेली काही ताठ उभी होती. "एवढ्यावरून काही सांगता येत नाही. अजून काही सालं लागतील," मुलगी म्हणाली, पण बोलताना तिचे डोळे हसत होते.

आक्कानं एका ताठ रोपाचं पान चाचपून पाहिलं. "ह्याचं बी घरी धरलं तर उगवल?"

"उगवेल. शेतकऱ्यांना धरू द्या, असं मी विद्यापीठाला लिहूनही दिलंय."

"नुसतं लिव्हून काय होतंय? ठरवणाऱ्या लोकांपुढं मला ने. मी बोलते."

पुढच्या महिन्यात विद्यापीठात शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकायची बैठक आहे. आक्कानं त्यासाठी नवी चप्पल घेतली आहे, आणि ती चावू नये म्हणून आतापासूनच रानात घालून फिरते.