चाळिसाव्या दिवसाचा मासा

सडकेकाकांना तो वास कधीच सवयीचा झाला नाही. लोक म्हणत, बावीस वर्षांत यांचं नाक मेलं असेल. मेलं असतं तर बरंच झालं असतं. रोज सकाळी तळघरातल्या खोलीचं दार उघडलं की पोटातलं सगळं घशाशी यायचं, आणि रोज ते गिळून काका आत शिरायचे. खरं आडनाव आता फक्त हजेरीपुस्तकात उरलं होतं. ते लिफ्टमध्ये शिरले की चौथ्या मजल्यावर जाणारी माणसं दुसऱ्यालाच उतरून जिना चढायची. निर्लज्ज लेकाचे, तोंड वाकडं करून नमस्कारही करायचे.

काम म्हणजे मासे कुजवणं. बारा टब, त्यांत खारं पाणी, प्रत्येकात करंगळीएवढा, बिनहाडांचा, बिनजबड्याचा एकेक मासा. दर दहा दिवसांनी एक नवा टब लावायचा. रोज एकेक झाकण काढायचं, चिमट्याने मासा न फाटता कुशीवर वळवायचा, काय गेलं आणि काय राहिलं ते बघायचं आणि वहीत पेन्सिलीने त्याचं चित्र काढायचं. फोटोही निघायचे, पण फोटोत सगळा रबडाच दिसतो. फिनेल वापरायची सोय नव्हती, कारण किडा-जंतू मेले तर कुजणं थांबतं. संध्याकाळी बायको दारातच हातावर साबण ठेवायची आणि शर्ट वेगळ्या बादलीत टाकायची. मुलगी शाळेत असताना 'बाबा ऑफिसात असतात' एवढंच सांगायची. काकांनी तिला कधी खोटं पाडलं नाही.

हे सगळं कशासाठी, ते मॅडमनी पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. मॅडम म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या प्राध्यापिका, जीवाश्मांतल्या मोठ्या जाणकार. त्या म्हणाल्या होत्या, मेलेला प्राणी बहुतेक वेळा खाल्ला जातो किंवा सडून जातो. लाखात एखादाच वेळेवर गाळाखाली दबतो, तिथे हवा पोचत नाही, पाण्यातले क्षार त्याच्या अंगात झिरपतात आणि युगं लोटली की त्याचा दगड होतो. पण दबण्याआधी तो किती सडला होता, हे दगड सांगत नाही. ते कळायला ताजे मासे सडवूनच बघायला हवेत. मग एका पाकिटामागे त्यांनी जीवांच्या वंशाचं झाड काढून दाखवलं. पिल्लं आईबापांपेक्षा जराशी वेगळी निपजतात, ज्यांचं वेगळेपण कामी येतं ती तगतात, त्यांची पिल्लं वाढतात, आणि असं होत होत साध्या जीवांना कल्ले आले, डोकं आलं, पर आले. ज्याच्याकडे यातलं कमी, तो बहुधा खोडाजवळचा, म्हणजे जुना. काकांना ते झाड फार आवडलं होतं. त्या आठवड्यानंतर मॅडम नाकाला रुमाल लावूनसुद्धा कधी तळघरात आल्या नाहीत.

आणि आता मॅडमकडे एक दगड आला होता. तळहाताएवढी काळी पाटी, तिच्यावर एक ठसा: पाठीतली कण्यासारखी दोरी आणि स्नायूंचे पट्टे. डोकं नाही, कल्ले नाहीत, पर नाहीत. मॅडमनी ठरवून टाकलं की हा डोकं येण्याच्याही आधीचा आपला पूर्वज. शुक्रवारी व्याख्यान, बाहेरून विद्वान येणार. सोमवारी टब रिकामे करायचे, कारण खोलीत असे दगड ठेवायची कपाटं आणायची होती.

बुधवारी काका जुन्या वह्या द्यायला वर गेले. दिव्याखाली तो दगड पाहिला आणि जागीच उभे राहिले. हा तर त्यांच्या ओळखीचा होता. चाळीस दिवस सडलेला मासा हुबेहूब असाच दिसतो. सहाव्या दिवशी कल्ल्यांच्या पाकळ्या जातात, मग पर, मग डोक्यातली कूर्चा. जे घराण्यात शेवटी आलं ते सगळ्यात आधी गळतं. दोरी आणि पट्टे मात्र चिवटपणे टिकतात. सडता सडता नातू आजोबासारखा दिसायला लागतो.

काकांनी वही उघडून हे सांगितलं. मॅडमनी खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाल्या की पेन्सिलीच्या चित्रांवर विज्ञान चालत नाही, आणि शुक्रवारी कृपा करून काकांनी वर फिरकू नये, पाहुणे बसणार नाहीत.

काकांना शिसारी आली. बावीस वर्षं त्यांनी जी घाण हातांनी चिवडली ती निदान खरी होती. हा चकचकीत दगड, त्याखालची मखमल, आधीच छापून आलेल्या निमंत्रणपत्रिका यांचा वास त्यांना सहन होईना. ते खाली गेले, आठव्या टबातला मासा पांढऱ्या ताटलीत घेतला, झाकण न ठेवता लिफ्टने वर नेला आणि दगडाशेजारी दिव्याखाली ठेवला. पिवळं पाणी ताटलीभर पसरलं.

मॅडमनी ओढणीने नाक दाबलं आणि मान फिरवली.

"नाक धरा हवं तर," काका म्हणाले, "पण डोळे तरी उघडा."

त्यांनी क्षणभर पाहिलं. मग म्हणाल्या, "घेऊन जा ते."

काकांनी नेला. टबात परत ठेवला, वहीत चाळिसाव्या दिवसाची नोंद केली आणि सोमवारी हे सगळं गटारात ओतायचं या विचाराने त्यांना पुन्हा मळमळलं.

तासाभराने दारात मॅडम उभ्या होत्या. ओढणी कमरेला खोचलेली, नाकावर काही नाही. चार पावलं आत आल्या आणि बेसिनकडे धावल्या. अर्धं बेसिनमध्ये पडलं, अर्धं फरशीवर. पुसताना काकांना त्यांचीही किळस आली, ती त्यांनी लपवली नाही. मॅडमनी चूळ भरली आणि भिंतीला टेकून स्टुलावर बसल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"कल्ले कितव्या दिवशी गेले म्हणालात?"

"सहाव्या."

"सगळ्या बारांमध्ये?"

"बारावा आज लावलाय. अकरांमध्ये."

मॅडमनी काकांची पेन्सिल मागून घेतली. काकांनी बादली त्यांच्या पायाशी सरकवली आणि पहिल्या टबाचं झाकण काढलं.