दसऱ्यासाठी सोडलेला प्लॉट

तो प्लॉट आजोबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, सोडला, असं आमच्या घरात सगळे समजतात. मुलगा समजतो, सून समजते. भोपाळची नणंद तर दर भेटीत एकदा तरी म्हणते, "दादा साधा माणूस, त्याला व्यवहार कळला नाही." आणि मी मान हलवते. खरं असं आहे की तो प्लॉट मी सोडायला लावला. सोडल्याचं पत्रसुद्धा मीच लिहिलं, माझ्या त्या वेळच्या सुरेख अक्षरात. ह्यांनी खाली फक्त सही केली. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मी अजून मान हलवतेच आहे.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. वय सत्तावीस, हाताशी शाळेत जाणारं एक मूल आणि डोक्यात हवा. माहेरचे पूर्वज संस्थानच्या पागेत होते. म्हणजे घोड्यांना चंदी घालत असणार, पण आमच्याकडे ती गोष्ट अशी सांगत की गादीवर आम्हीच बसत होतो असं वाटावं. त्यामुळे राजवाड्यापासून पायी जाता येईल तेवढंच इंदूर आणि बाकी सगळं जंगल, असा माझा पक्का भूगोल होता. मल्हारगंजात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. नळ खाली, जिना अंधारा, पण राजवाडा जवळ. आणखी काय हवं?

हे सरकारी कचेरीत कारकून होते. तिथल्या लोकांनी मिळून घरांसाठी एक संस्था काढली आणि आता ज्याला विजय नगर म्हणतात त्या बाजूला जमीन घेतली. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात ह्यांच्या नावाने प्लॉट निघाला. पैसे हप्त्याहप्त्याने पगारातून कापले जाणार होते आणि ते आम्हाला झेपणारे होते. हे मुद्दाम सांगते. एका कारकुनाला, एका पगारात, झेपणारे.

रविवारी मित्राची स्कूटर मागून हे मला प्लॉट दाखवायला घेऊन गेले. शेतात जायला मी काय नेसावं? फिरोजी नायलॉनची साडी, उंच टाचांच्या सँडल आणि वर गॉगल. तिथे चुन्याच्या चार रेघा होत्या, चार खुंट्या होत्या आणि पलीकडे हरभरा. हे पावलं मोजत चालले. "ही ओसरी. हे स्वयंपाकघर, खिडकी पूर्वेला. इथे पेरू लावू." मी त्या स्वयंपाकघरात उभी राहून साडीच्या काठाला चिकटलेले गोखरू काढत होते.

"आणि माणसं?" मी विचारलं.

"येतील की हळूहळू."

"दसऱ्याला येतील?"

आमच्यात दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं सोनं म्हणून घरोघर जाऊन द्यायची आणि थोरांच्या पाया पडायचं. मल्हारगंजातून निघालं की दोन तासांत सगळे नातलग पायीच उरकत. आपल्या दारात त्या संध्याकाळी चपलांचा ढीग किती, यावर घराचा मान ठरायचा. निदान मी तरी ठरवायचे. आता इतक्या लांब, हरभऱ्यात, कोण येणार चपला काढायला? हे सगळं मी ह्यांना तिथेच भर उन्हात ऐकवलं. "मी काय इथे कोल्ह्यांना सोनं वाटत बसू?" असंही म्हणाले. हे हसले, म्हणून मी आणखी चिडले आणि तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी संस्थेला शुद्ध हिंदीत पत्र गेलं: 'पारिवारिक कारणों से हम यह भूखंड लौटाना चाहते हैं।' ते पारिवारिक कारण गॉगल लावून घरात बसलं होतं.

पुढचं काय सांगायचं! कोल्हे गेले, मॉल आले. त्या जागेवर आता चार मजली इमारत आहे, खाली दातांचा दवाखाना आणि वर कोचिंग. तिकडून जायची वेळ आली की मी रिक्षावाल्याला सांगते, "भिया, अगले चौराहे से ले लो." दसऱ्याला आता पानांची चित्रं मोबाइलवर येतात, मल्हारगंजातसुद्धा. आम्ही मात्र घरमालकाने उठवेपर्यंत तिथेच राहिलो. ह्यांच्या निवृत्तीच्या पैशात तिसऱ्या मजल्यावरचा एक लहानसा फ्लॅट कसाबसा झाला. त्यात आता मुलगा, सून, मी आणि सुनेचं शिवणाचं मशीन. पाचव्याला जागा नाही.

आणि नेमकी पाचव्या-सहाव्याचीच गोष्ट सांगायची आहे.

माझी नात, म्हणजे ह्याच मुलाची एकुलती मुलगी, विजय नगरात नवऱ्याबरोबर भाड्याने राहते. ती एका खासगी कॉलेजात शिकवते. नातजावई नागपूरचा, पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. दोघं कमावतात, शिकलेले आहेत, उधळे नाहीत. लग्नाला सहा वर्षं झाली आणि हे त्यांचं चौथं घर. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक एकतर भाडं वाढवतो, नाहीतर 'बेटे की शादी है' म्हणून घर रिकामं करून मागतो. इतक्या बेट्यांची लग्नं मी आयुष्यात बघितली नाहीत. त्यांच्याकडे एक खोकं आहे, त्यावर 'दिवाळी' लिहिलंय. ते तीन घरांत उघडलेलंच नाही.

लग्न ठरलं तेव्हाच दोघांनी ठरवलं होतं, आधी आपलं घर, मग मूल. तान्ह्या बाळाला घेऊन टेम्पोमागे फिरायचं नाही. नातीला यंदा तेहतीस पूर्ण झाली. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलंय, तुमच्या बाबतीत आता फार थांबू नका. हे तिने मला सांगितलं, आईला नाही सांगितलं.

त्यावर मी काय केलं असेल? भाषण. "आम्ही एका पगारात संसार केला. तुम्ही बाहेरून डबे मागवता, ती एवढ्या एवढ्या पैशांची कॉफी पिता." एकदा नातजावई अगदी नम्रपणे म्हणाला, "आजी, कॉफी सोडून बघितली. अ‍ॅसिडिटी गेली, फ्लॅट काही आला नाही." मी हसले, पण भाषण काही बंद केलं नाही.

दोघं दर रविवारी कुठला ना कुठला फ्लॅट बघून येतात; गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मलाही घेऊन गेले. मीच मागे लागले होते. मला वाटत होतं, ही पोरं भिडस्त आहेत, मी भाव करीन. विजय नगर मागे पडलं, बायपास मागे पडला, तरी गाडी चाललीच होती. दोन्ही बाजूंना हरभरा लागला.

तिथे इमारत अजून उभी नव्हती, फक्त एक नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवला होता. काळा कोट घातलेली एक तरतरीत मुलगी तो दाखवत होती. "दादीजी, ये मास्टर बेडरूम." खोली भलतीच ऐसपैस वाटली. मला संशय आला. मी चपला काढल्या आणि सरळ पलंगावर आडवी झाले. माझी उंची पाच फूट, त्यातही आता म्हातारपणाने थोडी उतरलेली, तरी माझी पावलं पलंगाच्या बाहेर.

"बेटा, ये पलंग इन्सानों का है या गुड़ियों का?"

नातजावई हसू दाबत भिंतीकडे वळला. ती मुलगी ओशाळली. "दादीजी, डिस्प्ले के लिए ऐसा ही बनवाते हैं." खोली मोठी दिसावी म्हणून पलंग आखूड करून घेतला होता. मग काय, मी चष्मा पुसला आणि कामालाच लागले. एकाही खोलीला दार नव्हतं, नुसती चौकट. कपाटं वीतभर खोल, त्यात साडी ठेवली तर घडी बाहेर येईल. आणि फ्लॅटचं जे माप सांगत होते त्यात लिफ्ट, जिना, खालची बसायची जागा, सगळं धरलेलं.

"मतलब जिन्याचे पैसे आम्ही द्यायचे आणि चढणार सगळे?" मला घाईत हिंदी-मराठीचा ताळमेळ राहत नाही.

"सब देते हैं, दादीजी."

"और चौकीदार की कुर्सी के नीचे की जगह?"

"वो भी थोड़ी थोड़ी आपकी," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. पोर चांगली होती. मला पाणी आणून देताना हळूच म्हणाली की ती स्वतः तीन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते. दिवसभर दुसऱ्यांना बाल्कन्या दाखवते.

मी एवढी रंगात आले होते की नात बरोबर नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. ती सापडली सगळ्यात लहान खोलीत. तिथे भिंतीवर ढग काढले होते आणि एक बाहुलीएवढा पलंग ठेवला होता. नात भिंतीपासून खिडकीपर्यंत हाताने वीत वीत मोजत होती. मला बघून तिने हात मागे घेतला.

"काय गं?"

"काही नाही. खऱ्या मापाचं कपाट ठेवलं तर पाळणा बसतो का, बघत होते."

मी तोंड उघडायला नको होतं. "न बसायला काय झालं! तुझा बाप तर दीड वर्ष ट्रंकेवर घडी घातलेल्या गोधडीत झोपला." ती पुन्हा एकदा खिडकीकडे बघून बाहेर गेली.

मग टेबलाशी बसवून एका साहेबांनी किंमत सांगितली. गाडी ठेवायची जागा वेगळी, क्लबहाउस वेगळं. सोमवारपासून रेट वाढणार, म्हणून टोकन आजच द्यावं. मी भाव करायला आले होते ना? मी त्या आकड्यातली शून्यंच मोजत बसले. नातजावयाने मोबाइलवर हिशेब लावला आणि म्हणाला, "हप्ते संपतील तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा असेन. म्हणजे बाळ कॉलेजात."

"कुठलं बाळ?" नात म्हणाली.

साहेब मॅडमच्या तब्येतीविषयी काही विचारावं की नाही अशा चेहऱ्याने बघू लागले. नातजावयाने फाइल बंद केली. "सर, सोच के बताते हैं." टोकन दिलं नाही.

बाहेर गाडीपाशी मी त्याला विचारलं, "अरे, पण दोघांचे पगार मिळून तर हप्ता बसतो ना?" त्याने मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. हप्ता बसतो तो दोघांचे पगार चालू राहिले तर. हिची नोकरी कंत्राटी. बाळंतपणासाठी घरी बसली की कॉलेज नवीन करार करत नाही, तिच्या दोन मैत्रिणींचं तसंच झालं. मग एक पगार गेला, आणि एका पगारात तो हप्ता भरता येत नाही. म्हणजे बाळासाठी म्हणून घर घ्यायचं, आणि ते घेतलं की बाळ होऊ द्यायचं नाही. आणि घर नाही घेतलं तर पुन्हा टेम्पो.

मी आयुष्यभर 'आम्ही एका पगारात' म्हणत आले. त्या पार्किंगमध्ये उभं राहून मला त्या वाक्याची लाज वाटली.

परतताना बायपासवर चहाच्या टपरीशी थांबलो. नातजावई चहा आणायला गेला. नात बाकावर माझ्याशेजारी बसली होती, नखाने हातावरचा चुना खरवडत. नमुन्याच्या भिंतीचा रंगही कच्चाच होता. मला एकदम राहवेना.

"प्लॉट तुझ्या आजोबांनी नाही सोडला," मी म्हणाले. "मी सोडायला लावला. पत्र मी लिहिलं."

तिने वर बघितलं. "का?"

"दसऱ्याला तिथे कुणी येणार नाही म्हणून."

ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग जी हसत सुटली, की चहा घेऊन येणारा तिचा नवरा वाटेतच थबकला. "दसऱ्याला! हे भगवान. आणि बिचारे आजोबा सगळ्यांच्या शिव्या खात राहिले!" हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले, आणि ते बराच वेळ पुसतच राहिली. मी म्हटलं, "तो प्लॉट असता तर आज तू त्या घरात असतीस, तुझं सगळं वेळेवर झालं असतं. मला काय बोलायचं ते बोल." नवऱ्याच्या हातातला चहा तिने घेतला, पण प्याली नाही.

"आजी, तुला कोणी घर देत होतं आणि तुला ते पसंत पडलं नाही, बस. त्याचा मी काय राग करू?" ती म्हणाली. "पण पुढच्या रविवारी तू येऊ नकोस. आज तू बरोबर होतीस, तर घर खरंच होणार असं वाटून मी त्या छोट्या खोलीत गेले. एरवी कुठल्याही फ्लॅटमध्ये मी तिथे जातच नाही."