पणजोबांच्या घड्याळावरची द्राक्षं

मंडळी, आज माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली.

पणजोबा १९३०च्या सुमारास कुर्डुवाडी स्टेशनात नोकरीला होते. त्यांचं खिशात ठेवायचं फ्रेंच चांदीचं घड्याळ माझ्याकडे आहे. मागच्या झाकणावर द्राक्षाचा घड कोरलाय. फ्रान्सचं घड्याळ म्हणजे द्राक्षं असणारच, असं आम्ही तीन पिढ्या पाहुण्यांना ऐटीत सांगत आलो.

मध्यंतरी एका जाणकारानं सांगितलं, मूळ झाकण साधं होतं, नक्षी मागाहून इथंच कुणीतरी कोरली. म्हटलं, मग घासून टाकू.

आज सकाळी सोलापुरात एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकणावरची नक्षी वरची खाली होईल असं घड्याळ फिरवलं आणि विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"मूळ मंगळवेढ्याचे. पणजोबा शेती भावाला देऊन नोकरीवर आले."

"मग ही द्राक्षं न्हाईत की. तुमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीचं कणीस हाय. आता सांगा, घासू?"

घड्याळ तसंच घेऊन घरी आलो.

गाडीच्या वेळेला पणजोबा दिवसातून कितीदा तरी ते खिशातून काढत असतील. दर वेळी बोटांना काय लागत असेल, ते आज कळलं.

तुमच्या घरातही अशी वर्षानुवर्षं उलटी धरलेली एखादी वस्तू आहे का?